सेजेस्ता नीट बघायचंय? मग कालाताफिमीत मुक्काम टाका (पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी)

सिसिलीला जाणारे आपले लोक साधारण एकच करतात, पालेर्मोत दोन दिवस, मग एटना आणि ताओर्मिना, आणि मधे जमलंच तर सेजेस्ताचं जुनं ग्रीक पद्धतीचं देऊळ जाता जाता उरकायचं. बस थांबते, पाऊण तास फोटो, परत बसमध्ये. देऊळ तेवढ्या वेळातही भारीच दिसतं, त्यात वाद नाही. पण पश्चिम सिसिलीचा हा सगळा पट्टा म्हणजे अर्धवट राहिलेल्या आणि मोडून पडलेल्या कामांचा पट्टा आहे, आणि काम कुठे थांबलं, का थांबलं हे बघायला जरा रेंगाळावं लागतं. त्यासाठी देवळापासून चारेक किलोमीटरवर डोंगरावर बसलेलं कालाताफिमी नावाचं गाव आहे. सहा हजारांच्या आसपास वस्ती, उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास, टुरिस्ट जवळपास नाहीतच. तिथे चार रात्री काढा, तीन तरी काढाच. कसं जमवायचं ते खाली स्टेप बाय स्टेप लिहितोय, ज्यांना घाई आहे त्यांनी स्टेप 5 आणि 6 वाचा, बाकी वाचलं नाही तरी चालेल.

स्टेप 1: महिना ठरवा, तिकीट नंतर

एप्रिल ते मेचा पहिला पंधरवडा सगळ्यात बेस्ट. पाऊस हिवाळ्यात पडून गेलेला असतो, गव्हाची शेतं हिरवीगार, बांधावर खसखशीची लाल फुलं, आणि सुल्ला म्हणून एक गडद गुलाबी-लाल फुलांचा चारा असतो त्याने अख्खे उतार रंगलेले असतात. पोरांच्या शाळा असतील तर परीक्षा संपल्या संपल्या निघा, मे अखेरपर्यंत ताणू नका. दुसरा पर्याय सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, तेव्हा डोंगर पिवळे पडलेले असतात पण द्राक्षं उतरून ऑलिव्हची तोडणी सुरू व्हायच्या बेतात असते आणि समुद्राचं पाणी अजून कोमट असतं.

जुलै-ऑगस्ट टाळा. "ऊन काय आम्हाला नवीन आहे का" हे प्रत्येक नागपूरकर म्हणणार, मान्य, पण नागपूरकर तरी भर दुपारी उघड्या टेकडीवर चढतो का? इथे सावली नाही, आफ्रिकेकडून सिरोक्को नावाचा गरम वारा येतो, पारा चाळिशीला जातो आणि गवत इतकं वाळतं की वणवे लागतात. 2023 च्या जुलैमध्ये वणवा थेट सेजेस्ताच्या पार्कात शिरला होता, देऊळ वाचलं पण आजूबाजूचा उतार काळा पडला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शांत असतं, फक्त दिवस लहान आणि पावसाचा नेम नाही.

स्टेप 2: व्हिसा आणि विमान

शेंगेन व्हिसा लागतो, इटलीचा. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि उन्हाळ्याच्या सीझनला अपॉइंटमेंट मिळणं हाच मोठा प्रॉब्लेम असतो म्हणून आधी स्लॉट बघा. मोठ्या माणसाला फी 90 युरो अधिक सेंटरचे चार्जेस, आणि किमान 30,000 युरोचा मेडिकल इन्शुरन्स कंपल्सरी. मुक्कामाची बुकिंग्ज कॅन्सल करता येतील अशी घ्या.

मुंबईहून पालेर्मोला थेट विमान नाही, रोम किंवा मिलानला बदलायचं. तिकीट शोधताना कटानिया बरेचदा स्वस्त दिसतं, पण ते बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे, तिथून कालाताफिमी म्हणजे गाडीने तीनेक तास, त्यामुळे वाचवलेले पैसे पेट्रोलात आणि कंबरदुखीत जातात. पालेर्मोचा एअरपोर्ट शहराच्या पश्चिमेलाच आहे, म्हणजे आपल्याच बाजूला, तिथून पाऊण-एक तासात गावात. त्रापानीजवळही एक छोटा एअरपोर्ट आहे, युरोपातून स्वस्त विमानं येतात, जमलं तर तोही चालेल.

स्टेप 3: गाडी, आणि गाडीचे कागद

गाडीशिवाय सेजेस्ता होतं, पालेर्मो आणि त्रापानीहून बसेस आहेत, पण मोजक्या, आणि रविवारी अजून कमी. गाडी चालवायचीच नसेल तर सरळ त्रापानीत रहा, तिथून बसने सेजेस्ता आणि केबल कारने डोंगरावरचं एरिचे गाव करा, आणि खाली लिहिलेली खाण आणि जिबेल्लिना विसरून जा. मला विचाराल तर त्या दोन गोष्टींसाठीच गाडी घ्यावी.

निघायच्या आधी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, फॉर्म 4ए, एक वर्ष चालतं. नुसतं आपलं लायसन्स दाखवून काउंटरवाल्याने गाडी दिली तरी रस्त्यात पोलिसाने अडवलं तर परमिट लागतंच. गाडी लहानात लहान घ्या. सात सीटर घेऊन कालाताफिमीच्या गल्ल्यांत शिरलात तर आरसे मिटून, श्वास रोखून रिव्हर्स यावं लागेल. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी सांगून ठेवा, मॅन्युअलच जास्त असतात. ड्रायव्हिंग उजवीकडून, पहिला तासभर शेजारच्याने प्रत्येक वळणावर "उजवीकडे, उजवीकडे" म्हणत राहायचं.

पालेर्मोहून येणारा ए29 मोटरवे टोल फ्री आहे, सेजेस्ताचा एक्झिट वेगळा आहे, पाटी चुकत नाही. मोटरवे सोडला की खरी मजा. छोटे रस्ते पावसाने खचलेले असतात, अर्धा रस्ता दरीत आणि समोर नुसता एक गंजका बोर्ड. मॅप कधी कधी शॉर्टकट म्हणून त्रात्सेरा दाखवतो, म्हणजे जुन्या काळच्या गुराढोरांच्या वाटा, आपल्या पाणंद रस्त्यासारख्या. डांबर संपलं की गाडी वळवा, लांबचा रस्ता धरा. शहरांत झेडटीएल झोन असतात, तिथे परवानगीशिवाय गाडी घातली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची पावती महिन्यांनी घरी येते, वर रेंटलवाल्याचे प्रोसेसिंग चार्जेस वेगळे. पेट्रोल सेल्फ सर्व्हिसला भरा, माणसाने भरून दिलं की लिटरमागे जास्त घेतात.

स्टेप 4: गावात पहिली संध्याकाळ

गावात मोठी हॉटेलं नाहीत, बी अँड बी आणि आसपासच्या शेतांवर आग्रितुरिज्मो. शेतावर राहिलात तर जेवण तिथेच मिळतं, गावात राहिलात तर सकाळच्या बारमधली कॉफी आणि कट्ट्यावरचे आजोबा मिळतात, काय हवं ते ठरवा. सामान कमी ठेवा, जिने आणि चढ आहेत आणि गाडी बरेचदा खालीच लावावी लागते. आणि दुपारी एक ते चार गाव झोपतं. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पुणेकरांना समजावून सांगायची गरज नाही.

पहिल्या संध्याकाळी गावाच्या डोक्यावरच्या पडक्या किल्ल्यापर्यंत चालत जा, भिंती थोड्याच उरल्यात पण अख्खा मुलूख दिसतो, कुठे काय आहे ते डोक्यात बसतं. अजून उजेड असेल तर गाडीने जवळच्या प्यांतो रोमानो टेकडीवर. 15 मे 1860 ला इथे इटली एक करायला निघालेल्या गॅरिबाल्डीचे हजारेक स्वयंसेवक आणि तेव्हा सिसिलीवर राज्य करणाऱ्या बूर्बों राजाचं सैन्य यांची लढाई झाली. चारच दिवस आधी, 11 मेला, ते मार्सालाला बोटीतून उतरले होते. सैन्य वर, हे खाली, आणि उतारावरच्या शेतांच्या पायऱ्यांचा आडोसा घेत घेत वर चढले, एकेक पायरी. इटली एक होण्याच्या लढ्यातला हा पहिला मोठा विजय. वर एर्नेस्तो बासिले या आर्किटेक्टने केलेलं 1892 चं स्मारक आहे, एक उंच स्तंभ, पडलेल्यांच्या अस्थी तिथे ठेवल्यात. तिथे जायची वाट सरूच्या झाडांच्या रांगेतून जाते. आजूबाजूला कोणी नसतं, वारा भरपूर असतो, जॅकेट घ्या.

स्टेप 5: सेजेस्ता, आधी वर मग खाली

सकाळी गेट उघडताना हजर रहा. साधारण नऊला उघडतं आणि सूर्यास्ताच्या आधी बंद होतं, महिन्याप्रमाणे वेळ बदलते म्हणून आदल्या रात्री बघून घ्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी साइट्सना सहसा एंट्री फ्री असते, त्यामुळे त्या दिवशी गर्दीही असते.

सगळे आधी देवळाकडे जातात कारण ते गेटजवळ आहे. तुम्ही उलटं करा. आधी मोंते बार्बारोवर, म्हणजे थिएटरकडे. वर जायला शटल बस आहे, वेगळं तिकीट, पण रस्ता सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे, ज्याने सिंहगड एकदा चढलाय त्याला काहीच नाही, आणि चालत जायचं कारण असं की अर्ध्या वाटेवर मागे वळलात की खाली एकटं देऊळ दिसतं, आजूबाजूला फक्त डोंगर आणि शेतं, गाव नाही, इमारत नाही. बसमधून तेवढ्यात वळण जातं. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांना बसने पाठवा आणि तुम्ही चाला.

वरचं थिएटर ग्रीक पद्धतीचं, इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकातलं, व्यास 63 मीटर, चारेक हजार माणसं बसतील एवढं. डोंगराच्या माथ्यावर, 400 मीटरच्या वर. तोंड उत्तरेला, त्यामुळे प्रेक्षकांच्या डोळ्यांवर ऊन येत नाही आणि स्टेजच्या मागे थेट कास्तेल्लामारेच्या आखातापर्यंत दिसतं. मधे मोटरवेचे उंच पूलही दिसतात, काही लोक त्यावरून नाक मुरडतात, मला त्यांचं काही वाटत नाही. उन्हाळ्यात इथे संध्याकाळी नाटकं होतात, जुलै-ऑगस्टला जायचंच असेल तर हे एकच चांगलं कारण. सगळ्यात वरच्या रांगेत बसा आणि बरोबरच्याला खाली मधोमध उभं राहून साध्या आवाजात बोलायला सांगा.

थिएटरच्या मागे बहुतेक जण जात नाहीत. जा. तिथे एकाच माथ्यावर बाराव्या शतकातल्या मशिदीचा पाया आहे, नॉर्मन काळातला छोटा किल्ला आहे आणि पंधराव्या शतकातल्या चर्चचे अवशेष आहेत. ग्रीक थिएटर बांधणाऱ्या गावावर पुढे कोण कोण येऊन राहिलं ते पन्नास-शंभर पावलांत कळतं. मुळात सेजेस्ता ग्रीकांचं गावच नव्हतं. इथले लोक एलिमियन, स्वतःला ट्रॉयमधून पळून आलेल्यांचे वंशज म्हणवायचे, भाषा वेगळी, पण बांधकाम, लिपी, नाणी सगळं ग्रीकांसारखं. नाण्यांवर एका बाजूला अप्सरा आणि दुसऱ्या बाजूला कुत्रा, कारण दंतकथा अशी की क्रिमिसो नदीच्या देवाने कुत्र्याचं रूप घेऊन या अप्सरेला गाठलं आणि त्यांच्या पोराने गाव वसवलं.

आता खाली उतरून देवळाकडे. सकाळचं ऊन समोरच्या बाजूवर पडतं कारण दर्शनी भाग पूर्वेला आहे, पण संध्याकाळी दगड मधासारखा पिवळा होतो, दोन्ही हवं असेल तर दिवसभर आत रहा, कोणी हाकलत नाही.

लांबून बघितलं तर पूर्ण देऊळ. 36 खांब, समोर सहा आणि बाजूला चौदा, प्रत्येक खांब 9 मीटरच्या वर, वरच्या तुळया आणि त्रिकोणी माथा सगळं जागेवर. जवळ गेलात की एकेक गोष्ट खटकायला लागते. खांबांवर उभ्या पन्हाळी नाहीत, डोरिक म्हणजे ग्रीकांच्या साध्या शैलीतल्या खांबाला त्या असतातच, त्या खांब उभे झाल्यावर सगळ्यात शेवटी कोरायच्या असायच्या, इथे खांब गुळगुळीतच राहिलेत. पायऱ्यांच्या दगडांकडे वाकून बघा, प्रत्येक दगडाच्या तोंडावर मुठीएवढे उंचवटे दिसतील. हे उंचवटे दगड उचलताना दोर अडकवायला ठेवलेले, काम संपलं की छिन्नीने उडवून टाकायचे. उडवलेच नाहीत, जवळपास 2,400 वर्षं तसेच आहेत. सगळ्यात वरच्या पायरीत खांबांच्या मधले दगड बऱ्याच ठिकाणी बसवलेलेच नाहीत, म्हणून खांब स्वतंत्र चौथऱ्यावर उभे आहेत असं वाटतं. आणि आत बघितलं तर गाभारा नाही, छप्पर नाही, मोकळं आकाश. काही अभ्यासकांना वाटायचं की हे मुद्दाम असंच उघडं ठेवलेलं असेल, पण आत गाभाऱ्याच्या पायाच्या खुणा सापडल्यात, त्यामुळे काम अर्धवट राहिलं हेच जास्त पटतं. तुम्हीही तिथे दहा मिनिटं दगडांकडे बघा, गवंडी जेवायला गेलाय आणि परत येईल असंच वाटतं.

का थांबलं? तर सेजेस्ताचं दक्षिणेकडच्या सेलिनुन्ते या ग्रीक शहराशी कायमचं वैर, हद्दीवरून. त्यात यांनी अथेन्सची मदत मागितली. अथेन्सचे दूत बघायला आले की यांच्याकडे खरंच पैसा आहे का. सेजेस्तावाल्यांनी त्यांना एरिचेच्या देवीच्या देवळात नेऊन तिथली चांदीची भांडी दाखवली, आणि मग घरोघरी मेजवान्या दिल्या, प्रत्येक घरात सोन्याचांदीचे पेले. दूत दिपले. पेले मात्र सगळीकडे तेच होते, एका घरातली मेजवानी संपली की गुपचूप पुढच्या घरी, काही तर शेजारच्या गावांतून उसने आणलेले. ही हकिगत त्या काळच्या ग्रीक इतिहासकारानेच लिहून ठेवली आहे. इ.स.पू. 415 मध्ये अथेन्सचं प्रचंड आरमार सिसिलीला निघालं, इथे आल्यावर कळलं की खजिन्यात फक्त 30 टॅलेंट (तेव्हाचं वजनाचं माप) चांदी आहे, आणि दोन वर्षांत सिसिलीतल्याच सिराक्यूज शहरापुढे ते सगळं आरमार आणि सैन्य संपलं. देऊळ साधारण याच दशकांतलं. म्हणून काही जण म्हणतात की देऊळही त्या देखाव्याचाच भाग असणार, दूतांवर छाप पाडायला. याला पुरावा नाही, पण पायऱ्यांवरचे ते उंचवटे बघताना हा विचार डोक्यातून जात नाही.

प्रॅक्टिकल गोष्टी: पाणी माणशी दीड-दोन लिटर गेटबाहेरूनच घेऊन जा. टोपी. ग्रिप असलेले बूट, चुनखडीचा दगड घासून गुळगुळीत झालाय, सपाट चपलेने घसरायला होतं. ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही. दोरीच्या आत जायचं नाही, आणि दगडावर नाव कोरायचा मोह ज्यांना गडांवर होतो त्यांनी हे लक्षात ठेवा की इथे त्यासाठी पोलीस केस होते.

संध्याकाळी अंग दुखत असेल तर खाली कास्तेल्लामारेच्या दिशेने गरम पाण्याचे झरे आहेत, सेजेस्ताचे तेर्मे. तिकीट काढून आंघोळीची सोय आहे. नदीपात्रातले मोकळे झरेही आहेत पण तिथे दरड पडायचा धोका असतो, बंदीचा बोर्ड असेल तर मागे फिरा.

स्टेप 6: शत्रूच्या गावाला जा, पण आधी खाणीत

हा माझा आवडता दिवस. सकाळी लवकर निघून दक्षिणेला कास्तेलवेत्रानोच्या पुढे कावे दि कुझा. सेलिनुन्तेच्या देवळांसाठी दगड जिथून काढायचे ती खाण, ऑलिव्हच्या झाडांमधून दीड-पावणेदोन किलोमीटर पसरलेली. वेळा जरा लहरी असतात, त्यामुळे आदल्या दिवशी चेक करा.

इ.स.पू. 409 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचं सैन्य सेलिनुन्तेवर चालून आलं, आणि अर्थात त्याला निमंत्रण सेजेस्ताचंच होतं. नऊ-दहा दिवसांत शहर पडलं. खाणीतले कामगार हातातली हत्यारं टाकून पळाले आणि काम त्या दिवशी जिथे होतं तिथेच थांबलं. सगळ्या पायऱ्या एकाच ठिकाणी दिसतात: एका खडकावर नुसतं वर्तुळ आखलेलं आहे, दुसऱ्याभोवती चर खणायला सुरुवात झालीय, तिसरा खांबाचा तुकडा पूर्ण गोल सुटा झालाय पण तळाला अजून खडकाला चिकटलेला, चौथा काढून झोपवून ठेवलाय. त्या चरात उतरून उभे रहा, एका माणसाला जेमतेम उभं राहून छिन्नी चालवता येईल एवढीच जागा, आणि भिंतीवर हत्याराचे तिरपे फटकारे अजून स्पष्ट आहेत, हात फिरवला की खरखर लागते. यातले मोठे तुकडे तीन-तीन मीटर व्यासाचे, सेलिनुन्तेच्या जी नावाच्या देवळासाठी, जे ग्रीक जगातल्या सगळ्यात मोठ्या देवळांपैकी एक व्हायचं होतं आणि तेही पूर्ण झालं नाही. काही तुकडे तर इथून सेलिनुन्तेच्या वाटेवरच सोडून दिलेले सापडलेत.

इथून सेलिनुन्ते दहा-बारा किलोमीटर. पार्क अवाढव्य आहे, चालून पाय मोडतात, आत इलेक्ट्रिक गाडी मिळते, लाज न बाळगता घ्या. देवळांना ए, बी, सी, जी अशी अक्षरं आहेत कारण कुठलं कुठल्या देवाचं याचा बऱ्याच ठिकाणी पत्ता नाही. ई नावाचं जे उभं दिसतं ते 1950 च्या दशकात पडलेले दगड रचून पुन्हा उभं केलेलं आहे. जी म्हणजे दगडांचा ढीग, त्याच्या आजूबाजूने फिरताना सकाळी खाणीत बघितलेली मापं आठवली की तो ढीग वाचता येतो. खाण आधी बघायची ती यासाठीच. शेवटी अक्रोपोलिसवर, म्हणजे उंचावरच्या जुन्या गावठाणावर जा, खाली समुद्र आहे, पोहायचे कपडे गाडीत ठेवा.

स्टेप 7: जिबेल्लिना, म्हणजे आपल्या किल्लारीसारखं

अवशेष म्हटलं की सगळे ग्रीक-रोमन बघतात, पण या भागातले सगळ्यात अंगावर येणारे अवशेष 1968 चे आहेत. त्या वर्षी जानेवारीत बेलिचे खोऱ्यात भूकंप झाला, जिबेल्लिना गाव सपाट झालं. नवं जिबेल्लिना वीसेक किलोमीटर लांब, सपाट जागेवर, रुंद रस्त्यांचं बांधलं. ज्यांनी 1993 नंतरचं किल्लारी बघितलंय, जुनं गाव एकीकडे आणि नवी आखीव कॉलनी दुसरीकडे, त्यांना तिथली पोकळी सांगावी लागणार नाही.

जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर अल्बेर्तो बुर्री या कलाकाराने पांढऱ्या काँक्रीटची चादर घातली. 1984 ते 1989 मध्ये बरंच काम झालं, पैसे संपले, आणि उरलेला भाग 2015 मध्ये पुरा झाला. माणसाच्या उंचीचे पांढरे ठोकळे, मधे भेगा, आणि त्या भेगा म्हणजे साधारणपणे गावाच्या जुन्या गल्ल्या. तुम्ही त्यातून चालता. ठोकळ्यांच्या आत पडलेल्या घरांचा राडारोडा आहे. काही लोकांना हे थोर वाटतं, काहींना वाटतं की लोकांच्या घरांवर सिमेंट ओतलं, आणि मला आत चालताना दोन्ही वाटतं. लांबून, समोरच्या रस्त्यावरून बघितलं तर डोंगराच्या उतारावर कोणी धुणं वाळत घातलंय इतकंच दिसतं. तिकीट नाही, गेट नाही, दुपारी जाऊ नका, पांढऱ्या काँक्रीटने डोळे दिपतात. वाटेत सालेमीला थांबून कॉफी घ्या, किल्ला आहे, भूकंपात पडलेल्या मुख्य चर्चचे खांबही चौकात उभे आहेत.

खायचं काय

शाकाहारी लोकांचे हाल होत नाहीत, फक्त विचारावं लागतं. "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे", म्हणजे मांस नको, मासा नको, हे दोन्ही म्हणा कारण नुसतं मांस नको म्हटलं की अँकोव्ही घालून आणतात. बुझियाते म्हणजे पिळाचा पास्ता, त्यावर त्रापानीची पेस्टो, बदाम, टोमॅटो, लसूण, तुळशीच्या जातीतला बेसिल, हे रोज खाल्लं तरी कंटाळा येत नाही. पानेल्ले म्हणजे चक्क बेसनाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून देतात, वर लिंबू, हे खाऊन वडापाववाल्यांचे डोळे पाणावतात. कापोनाता वांग्याची, आंबटगोड. पाने कुन्झातो म्हणजे टोमॅटो-चीज घातलेला पाव, छान पण त्यात अँकोव्ही असतेच, काढायला सांगा. भाताचा गोळा दिसला की उडी मारू नका, रागूवाल्यात मांस असतं आणि बटरवाल्यात बहुतेक वेळा हॅम. गोड म्हणून रिकोटा भरलेल्या तळलेल्या कास्सातेल्ले, करंजीच समजा. रात्री आठच्या आधी किचन उघडत नाही, लहान मुलं असतील तर सात वाजता खायला काहीतरी बॅगेत ठेवा. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी एक-दोन युरो लावतात, ती फसवणूक नाही, बसायचे पैसे आहेत.

एक इशारा शेतांतून चालणाऱ्यांना: मेंढ्यांचा कळप दिसला की त्यांचे पांढरे मोठे राखणदार कुत्रे आसपास असतातच. कळपातून चालत जायचं नाही, लांबून वळसा, पळायचं नाही, धनगर दिसला तर हात करून थांबायचं, तो कुत्र्यांना हाक मारतो.

एखादा दिवस उरला तर

एरिचे किंवा झिंगारो, दोन्ही एका दिवसात कोंबू नका. एरिचे 750 मीटरवर, दगडी गल्ल्या, ज्या देवीची चांदी दाखवून अथेन्सला गंडवलं तिच्या देवळाच्या जागी आता नॉर्मन किल्ला. त्रापानीहून केबल कार आहे, जोराचा वारा असला की बंद ठेवतात. खाली कडक ऊन आणि वर धुकं हे नेहमीचं, स्वेटर घ्या. झिंगारो ही सिसिलीतली पहिली संरक्षित नैसर्गिक जागा, 1981 ची. तिथे किनाऱ्याने रस्ता होणार होता, 1980 मध्ये हजारो लोक चालत गेले आणि तो थांबवला. आता सातेक किलोमीटरची पायवाट आहे, गाडी नाही, मधे छोट्या छोट्या पुळणी. पाणी आणि जेवण बरोबर न्यावं लागतं. वणव्याचा धोका असला तर बंद असतं.

परतताना

विमानाच्या आदल्या दिवशी गाडी एअरपोर्टवरच परत करा आणि पालेर्मो शहरात ट्रेनने किंवा बसने जा, झेडटीएल आणि पार्किंग दोन्हीची कटकट वाचते. टाकी फुल करून द्या आणि डॅशबोर्डचा फोटो काढून ठेवा. शहरात एकच म्युझियम करायचं असेल तर सालिनास, कारण सेलिनुन्तेच्या देवळांवरचे कोरीव पट्टे तिथे आहेत, आपण बघितलेल्या त्या रिकाम्या तुळयांवर काय होतं ते तिथे समोरासमोर दिसतं. सोमवारी बहुतेक म्युझियम बंद असतात, त्यामुळे विमान मंगळवारचं असेल तर हे सगळं एक दिवस आधी सरकवा.